आधीच मिटलेलं एन्झाइम

सलग तीन मंगळवार आलेखाची रेघ जागची हलली नाही.

मंगळवार, कारण आम्हाला फ्लुओरिमीटर, म्हणजे द्रावणातून येणारा मंद उजेड मोजणारं यंत्र, त्याच दिवशी मिळायचा. आमचं कॉलेज परभणी जिल्ह्यातलं. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज आहे, स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, उणे वीसचा फ्रीझर आहे. फ्लुओरिमीटर मात्र नाही. तो शेजारच्या जिल्ह्यात. तिथल्या सरांनी मोठ्या मनानं आठवड्यातला एक दिवस, अकरा ते चार, आम्हाला दिला होता. पहाटे पाचला वॉचमन काका लॅब उघडून द्यायचे. मी घरून आणलेल्या चहाच्या थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरायची, त्यात एन्झाइमच्या चार नळ्या खोचायची आणि थर्मास मांडीवर घेऊन सहाच्या एसटीत बसायची. डिसेंबरातली थंडी, खिडकीची काच नीट न बसलेली, दोन्ही बाजूंना पोटरीत आलेली ज्वारी. रस्त्यात खड्डा आला की मी थर्मास दोन्ही हातांनी धरायची.

बघायचं होतं ते एका ओळीत सांगता येतं. हेक्झोकायनेज नावाच्या एन्झाइमला, म्हणजे पेशीतलं रासायनिक काम घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, ग्लुकोज भेटलं की त्याचा आकार बदलतो. हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुणही मिळाले होते. पण स्वतःच्या हातानं थेंब टाकून तो बदल होताना बघितला नव्हता, आणि प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचेचना.

या ध्यासाला कारण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातला एक तास आहे. त्याच्या आधी, अकरावीत, बाईंनी फळ्यावर एक कुलूप आणि एक किल्ली काढली होती. एन्झाइम म्हणजे कुलूप, सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो रेणू, ही किल्ली. ज्या कुलपाची जी किल्ली, तीच त्यात बसते. ही उपमा जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांची, 1894 सालची. ते शर्करांवर काम करत होते. यीस्टमधून काढलेलं एक एन्झाइम एका शर्करेची जोडणी तोडतं, पण तीच जोडणी उलट्या बाजूनं वळलेली असली तर तिला हातही लावत नाही, हे त्यांना दिसलं होतं. एवढी चोखंदळ निवड समजावायला कुलूप-किल्ली अगदी चपखल होती, आजही आहे. माझ्या वहीत ते चित्र स्केचपेननं रंगवलेलं होतं.

आणि मग बी.एस्सी.ला सरांनी विचारलं, “हेक्झोकायनेज काय करतं?” आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं: एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या टोकाचं फॉस्फेट काढून ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरच्या ओएच गटाला जोडतं. पेशीत साखर वापरायची सुरुवातच या पायरीनं होते, यीस्टमध्येही आणि आपल्यातही. सर म्हणाले, “बरोबर. आता सांगा, पाण्यात ओएच असतो का नसतो?” असतो. “पाण्याचा रेणू ग्लुकोजपेक्षा मोठा का लहान?” कितीतरी लहान. “मग ग्लुकोजची किल्ली ज्या कुलपात बसते त्यात पाणी शिरणार नाही का?” वर्ग गप्प. सर फळ्याकडं वळले आणि त्यांनी लिहिलं: एक लिटर पाणी, 55 मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप). पेशीतलं ग्लुकोज त्याच्यापुढं काहीच नाही. खाच आधीपासून उघडी आणि तयार असेल, तर तिच्यात पाणी कायमच भरलेलं असणार. एटीपीचं फॉस्फेट पाण्याच्या ओएचला जाणार, आणि पेशीनं कष्टानं कमावलेला एटीपी दिवसभर वाया जाणार. प्रत्यक्षात तसं घडत नाही. ग्लुकोज असताना हे काम जितक्या वेगानं चालतं, त्याच्या हजारो पटींनी ते पाण्याच्या बाबतीत हळू चालतं.

त्या तासाला मला झोप आली असती तर मी आज दुसरंच काहीतरी शिकत असते.

याचं उत्तर 1958 साली अमेरिकेत डॅनियल कोशलँड यांनी मांडलं. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, आमच्या भागातल्या पहिल्या विद्यापीठाचं आणि या कल्पनेचं वय एकच, हे मला का कोण जाणे फार आवडतं.) त्यांचं म्हणणं असं की एन्झाइमची खाच आधीपासून नेमक्या आकाराची नसतेच. योग्य रेणू येऊन टेकला की त्याच्या स्पर्शानं एन्झाइम स्वतःला वळवून घेतं आणि तेव्हाच, त्या वळलेल्या अवस्थेतच, काम करणारे गट एकमेकांसमोर नेमके येतात. पाणी खाचेत शिरतं, पण त्याच्यात एन्झाइमला वळवायची ताकद नाही. कुलूप उघडंच राहतं आणि काम होत नाही. याला इंड्यूस्ड फिट म्हणतात. कोशलँड यांनी दिलेली उपमा हात आणि हातमोज्याची. मला आमच्याकडची दुसरी सुचते, ती पुढं सांगते.

आता हा बदल डोळ्यांना दिसणार कसा? हेक्झोकायनेजचा रेणू पाचशेला थोड्या कमी अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांचा. त्यातली चार ट्रिप्टोफॅन. ट्रिप्टोफॅनचा गुण असा, की त्याच्यावर अतिनील किरण टाकला की ते स्वतः मंद उजेड देतं, आणि हा उजेड आजूबाजूला काय आहे यावर कमीजास्त होतो. आम्ही 295 नॅनोमीटरचा किरण टाकायचो. त्याहून कमी तरंगलांबी घेतली तर टायरोसीन हे दुसरं अमिनो आम्लही मध्ये बोलायला लागतं. येणारा उजेड 330 च्या आसपास मोजायचा. यीस्टच्या हेक्झोकायनेजमधलं एक ट्रिप्टोफॅन नेमकं त्या खाचेत आहे. ग्लुकोज बसलं, खाच मिटली, की त्याचा उजेड मंदावतो. म्हणजे चार दिव्यांपैकी एक दिवा वात खाली केल्यासारखा होतो आणि मशीनवरची रेघ खाली येते.

ती खाली येत नव्हती.

पहिल्या मंगळवारी वाटलं, क्युवेट, म्हणजे मोजताना द्रावण ठेवायची पारदर्शक नळी, नीट धुतली नसेल. दुसऱ्या मंगळवारी नवं ग्लुकोज तोलून घेतलं. रात्री अकराला डिसिकेटरमधून काढलं, पुन्हा पुन्हा तोललं. दोन मिलिलिटर एन्झाइमच्या द्रावणात दोन मायक्रोलिटर ग्लुकोज. पिपेटच्या टोकाला असलेला तो थेंब मोहरीएवढा. टाकायचा, क्युवेट हळू उलटीसुलटी करायची, झाकण लावायचं, मोजायचं. रेघ किंचित खाली. पुन्हा थेंब. पुन्हा किंचित. मग साखरेऐवजी नुसतं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं, एन्झाइम ज्यात असतं ते द्रावण) टाकून बघितलं, तरी जवळपास तेवढीच खाली. म्हणजे जे उतरत होतं ते थेंबानं द्रावण पातळ झाल्यामुळं. एन्झाइमचं काही नाही.

तिसऱ्या मंगळवारी परतीच्या गाडीत मी थर्मास मांडीवर घेतला नाही, पायाशी ठेवला.

प्रोजेक्टच्या माझ्या मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी आधी एकच विचारलं, “एन्झाइम जिवंत आहे का?” जिवंत होतं. लॅबमध्ये त्याची कामाची चाचणी केली तर झकास काम करत होतं. काम करतं, म्हणजे मिटतं. मिटतं, तर मग उजेड का बदलत नाही? मी चार दिवस हाच प्रश्न घेऊन फिरले. मेसमध्ये ताटावर बसलेली असायची आणि समोरची पोळी गार होऊन जायची.

संक्रांतीला घरी गेले. आमचं गाव सेलूकडचं, काळी रानं, रब्बीची ज्वारी. चुलतभावांनी बांधावर आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या आरात गूळभेंडीची कणसं खुपसलेली, बाजूला शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. माझी माय हुरडा चोळायला बसली की बाकीचे बघत राहतात. गरम कणीस डाव्या तळहातावर पडतं. पडल्याबरोबर बोटं त्याच्या अंगानं वळतात, उजवा हात वरून झाकतो, आणि मग चोळणं. हात उघडा ठेवून चोळून बघा, दाणे सगळे मातीत. हात कणीस आल्यावरच मिटला पाहिजे आणि पुरता मिटला पाहिजे. तेव्हाच दाणा सुटतो आणि हातातच राहतो. मग ती तळहात उघडते, फुंकर मारून फोलपटं उडवते आणि हिरवेगार दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकते. पुढचं कणीस जाडं असो, किडकं असो, बारकं असो, हात त्या त्या कणसासारखा होतो. मी तिथं आगटीपाशी बसून मायला सांगितलं, की माझं एन्झाइम हेच करतं. ती म्हणाली, “मंग तीन आठवडे झाले कशाला रडायलीस?” मी म्हटलं, “मिटताना दिसंना गेलंय.” तिनं माझ्या ओंजळीत दाणे टाकले आणि म्हणाली, “खाय आधी.”

कोडं सुटलं ते लॅबमध्ये, आणि मॅडमच्या पर्समधल्या यंत्रानं सुटलं.

फ्रीझरमधली जी नळी मी वापरत होते ती दोन बॅच आधीच्या कुणीतरी तयार करून ठेवलेली. वर मार्करनं एन्झाइमचं नाव आणि तारीख, बस्स. मॅडमनी नळी उजेडाकडं धरली, थोडा वेळ बघितली आणि विचारलं, “यात नुसतं बफरच आहे, हे तुला कुणी सांगितलं?” कुणीच सांगितलं नव्हतं. मी धरून चालले होते. मॅडमना मधुमेह आहे. त्यांनी पर्समधून ग्लुकोमीटर काढला, पट्टी लावली आणि आमच्या बफरचा एक थेंब पट्टीला लावला. मीटरनं ‘लो’ दाखवलं. दुसरी पट्टी, त्या नळीतला थेंब. पाच सेकंद. ‘हाय’. यंत्राला मोजता येईल त्याच्याही पलीकडं.

नळीत ग्लुकोज होतं. भरपूर. आणि ते कुणी चुकून टाकलेलं नव्हतं. ग्लुकोज धरून मिटलेलं हेक्झोकायनेज उघड्यापेक्षा जास्त टिकाऊ असतं, उष्णतेनं लवकर बिघडत नाही. म्हणून साठवताना त्यात ग्लुकोज घालायची पद्धत आहे. आमच्याकडं दिवसा तासन्‌तास वीज जाते तेव्हा फ्रीझरचं काय होतं हे ज्यानं अनुभवलंय, त्यानं अगदी शहाणपणानं ते केलेलं असणार. नळीवर लिहायचं तेवढं राहून गेलं. मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला: नळीत ग्लुकोज शंभर मिलिमोलरच्या (द्रावण किती दाट याचं माप) घरात धरू. क्युवेटमध्ये पन्नास पट पातळ केलं, तरी दोन मिलिमोलर उरतं. यीस्टच्या या एन्झाइमला अर्धं भरायला एक मिलिमोलरच्याही बरंच आत पुरतं. म्हणजे मी पहाटे बर्फ भरायचे, सत्तर-ऐंशी किलोमीटर थर्मास सांभाळायचे, आणि क्युवेटमध्ये पहिला थेंब पडायच्या आधीच प्रत्येक मूठ मिटलेली असायची. मिटलेल्या मुठीला पुन्हा कणीस दाखवत होते.

मला रडू आलं, पण ते आनंदाचं होतं. कारण याचा अर्थ असा होता, की आकार बदलतो ही गोष्ट खोटी ठरली नव्हती. ती माझ्या तीन मंगळवारांच्या आधी, फ्रीझरमध्ये कधीच घडून गेली होती.

आता ते उघडायचं कसं? डायलिसिस. सेलोफेनसारख्या पातळ पिशवीत एन्झाइमचं द्रावण भरायचं, दोन्ही तोंडं दोऱ्यानं गच्च बांधायची आणि पिशवी दोन लिटर थंड बफरमध्ये सोडून द्यायची, खाली चुंबकाची कांडी फिरत. पिशवीच्या छिद्रांतून ग्लुकोजसारखे लहान रेणू बाहेर जातात, एन्झाइमसारखा अगडबंब रेणू आत राहतो. ग्लुकोज एन्झाइमला कायमचं चिकटलेलं नसतं. धरणं-सोडणं सतत चालू असतं, त्यामुळं बाहेरचं ग्लुकोज संपत गेलं की एकेक रेणू आपली साखर सोडतो आणि उघडा होतो. हे सगळं मॅडमनी सांगितलेलं, मला पाठ होतं. तरी रात्री नऊला, अकराला आणि पहाटे पाचला बफर बदलायला उठले तेव्हा प्रत्येक वेळी फ्रिजचा दरवाजा उघडून मी दिव्याच्या उजेडात ती गरगरणारी पिशवी बघत उभी राहिले. आत काही दिसत नाही. स्वच्छ पाण्यासारखं दिसतं. सकाळी त्यातला थेंब ग्लुकोमीटरला लावला: ‘लो’.

चौथा मंगळवार. सुरुवातीचाच आकडा आधीच्यापेक्षा वर होता. एन्झाइम तेवढंच, उजेड जास्त. हात थरथरत होता म्हणून पिपेट टेबलावर कोपर टेकवून धरली. या वेळी ग्लुकोज मुद्दाम फार पातळ घेतलं होतं, एका थेंबानं क्युवेटमध्ये 0.1 मिलिमोलरच वाढावं इतकं. पहिला थेंब. उलटसुलट. झाकण. रेघ उतरली. बफरच्या थेंबानं उतरायची तशी केसभर नाही. डोळ्याला दिसेल अशी पायरी. दुसरा थेंब, दुसरी पायरी, पहिलीपेक्षा जरा छोटी. तिसरी आणखी छोटी. अशा पायऱ्या लहान लहान होत गेल्या आणि रेघ सपाट झाली. सगळ्या मुठी भरल्या. एकूण उजेडातला साधारण पाचवा हिस्सा गेला होता. मग नवी क्युवेट घेतली आणि ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज टाकलं. ही शर्करा ग्लुकोजची जुळी बहीणच. फक्त चौथ्या कार्बनवरचा ओएच खालच्या बाजूऐवजी वरच्या बाजूला. रेघ ढिम्म. थेंबामागून थेंब, काही नाही. एका ओएचनं तोंड फिरवलं एवढ्यावरून तिला ओळख नाकारणारा तो रेणू! फिशरना यीस्टमध्ये असलीच निवड दिसली होती. सव्वाशेहून जास्त वर्षांनी तीच निवड मी एका उसन्या दिवसात बघत होते. तिथल्या ऑपरेटर दादांनी मला चहा आणून दिला आणि विचारलं, “आज जमलं वाटतं?”

मॅडमना आलेख दाखवला तेव्हा त्यांनी पाठ थोपटली आणि लगेच म्हणाल्या, “यावरून आकार बदलला हे सिद्ध होतं का?” मी हो म्हणणार होते. नीट विचार केल्यावर कळलं, की होत नाही. ग्लुकोज त्या ट्रिप्टोफॅनच्या नुसतं शेजारी येऊन बसलं तरी त्याचा उजेड कमी होऊ शकतो. दिवा मंदावला एवढं मी बघितलंय. दार लागलं म्हणून मंदावला की समोर कुणी उभं राहिलं म्हणून, हे दिव्याला विचारून कळत नाही.

दार लागतं हे दाखवलं स्फटिकांनी. 1970 च्या दशकात येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या हेक्झोकायनेजचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना काढली, ग्लुकोज नसलेल्याची आणि ग्लुकोज धरलेल्याचीही. (हेच स्टाइट्झ पुढं 2009 साली, रायबोसोमच्या कामासाठी, व्यंकी रामकृष्णन आणि अडा योनाथ यांच्याबरोबर नोबेलचे मानकरी झाले.) अशा रचना प्रोटीन डेटा बँकेत कुणालाही फुकट मिळतात. ही बँक 1971 पासून चालू आहे. मी दोन्ही रचना लॅबच्या जुन्या संगणकावर उतरवल्या आणि एकीवर दुसरी ठेवली. रेणूचे दोन मोठे भाग, मध्ये खोल खाच. खालचा भाग एकमेकांवर बसवला की वरचा बसत नाही. तो सुमारे 12 अंशांनी खाचेवर झुकलेला दिसतो. काही जागी साखळी 8 अँगस्ट्रॉमपर्यंत सरकलेली. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. आपल्या मापानं ते काहीच नाही. ग्लुकोजचा रेणू स्वतः जेवढा रुंद असतो साधारण तेवढं मात्र ते आहे, आणि तेवढ्या सरकण्यानं साखर चहूबाजूंनी झाकली जाते. फॉस्फेट जोडायचा एक ओएच तेवढा एटीपीच्या बाजूला उघडा राहतो. पाणी बाहेर. मी माउसनं तो रेणू फिरवत बसले होते. लॅबचे मामा कुलूप लावायला आले तेव्हा साडेसात वाजले होते.

पण सरांचा तो पाण्याचा प्रश्न अजून माझ्या हातून सुटला नव्हता. त्यासाठी मॅडमनी झायलोज सुचवलं.

झायलोज म्हणजे पाच कार्बनांची साखर. दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून ती काढतात. दिसायला ग्लुकोजसारखीच, फक्त सहावा कार्बन नाही. म्हणजे ज्या ओएचवर फॉस्फेट जोडायचं तोच नाही. पण बाकीचं अंग ग्लुकोजचं, त्यामुळं ती खाचेत बसते आणि एन्झाइम तिच्याभोवती मिटतं. आता बघा काय होतं. मूठ मिटली. काम करणारे गट जागेवर आले. एटीपी समोर तयार. आणि सहाव्या कार्बनच्या जागी पोकळी, त्या पोकळीत मावतो पाण्याचा एक रेणू. कोशलँड यांचं म्हणणं खरं असेल तर एन्झाइम आता ते फॉस्फेट पाण्याला देऊन टाकेल. जे पाणी एरवी नाकारलं जातं, ते फक्त मूठ मिटल्यामुळं चालून जाईल.

हे मोजायला फ्लुओरिमीटर लागत नाही. सुटं फॉस्फेट किती झालं ते मोजलं की झालं, आणि त्याची पद्धत आपल्याच माणसाची: सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव, 1925. मॉलिब्डेटचं आम्लातलं द्रावण घालायचं, मग दुसरं एक रसायन. सुटं फॉस्फेट असेल तर निळा रंग चढतो. भीमावरमला जन्मलेले सुब्बाराव तेव्हा हार्वर्डला होते, आणि 1929 साली एटीपी शोधून काढणाऱ्यांतही हे दोघं होते. माझ्या प्रयोगात एटीपीही त्यांचा आणि निळा रंगही त्यांचा. ग्लुकोजच्या नळीत रंग येता कामा नये, कारण तिथं फॉस्फेट सुटत नाही, ग्लुकोजला जोडलं जातं.

हे सगळं एप्रिलमध्ये. बाहेर 42 अंश. प्रयोग 30 अंशांवर करायचा, आणि वॉटर बाथ बंद असतानाच त्यातलं पाणी 36 दाखवायचं; बर्फाचे खडे टाकून टाकून ते खाली आणावं लागायचं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राला थंड करायला सतत वाहतं पाणी लागतं, म्हणून ते बाहेर पडलेलं पाणी आम्ही बादल्यांत धरायचो, त्यानंच काचसामान धुवायचो, आणि फरशी पुसून उरलेलं बागेतल्या कडुलिंबाला. पहिल्या खेपेला सगळ्या नळ्या निळ्या झाल्या. एन्झाइम नसलेली सुद्धा. दोन दिवस मी एटीपी खराब झालाय असं समजत होते. मग लक्षात आलं: पाणी वाचवायच्या नादात नळ्या एकदाच खंगाळल्या होत्या आणि धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट काचेला तसंच होतं. सगळ्या नळ्या रात्रभर आम्लात बुडवून ठेवल्या, मग डिस्टिल्ड वॉटरनं पाच वेळा विसळल्या. त्या दिवशी एवढं पाणी ओततानाही जीव कळवळत होता.

दुसऱ्या खेपेला चार नळ्या स्टँडवर ओळीनं लावल्या. पहिलीत एन्झाइम आणि एटीपी. दुसरीत त्यात ग्लुकोज. तिसरीत ग्लुकोजऐवजी भरपूर झायलोज. चौथीत झायलोज आणि एटीपी, पण एन्झाइम नाही. चारही नळ्यांत मॅग्नेशियम, कारण त्याच्याशिवाय हे एन्झाइम एटीपीला हात लावत नाही. हे काम फार हळू चालतं म्हणून एन्झाइम नेहमीपेक्षा कितीतरी जास्त घेतलं आणि एक तास थांबले. मग रसायनं घातली आणि घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटाला सगळ्या सारख्याच, पाणचट. तिसऱ्या मिनिटाला तिसरी नळी किंचित वेगळी वाटली. डोळ्यांचा भास असेल म्हणून मागं पांढरा कागद धरला. पाचव्याला संशय उरला नाही. तिसरी नळी कपड्यांना नीळ दिल्यावर पाण्याला येतो तशा रंगाची झाली होती. दहा मिनिटांनी ती गडद निळी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या फिकट, चौथीत एटीपी आम्लात थोडा आपोआप तुटतो तेवढीच निळसर झाक. मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या, चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “पाणी गेलं आत.”

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझा सगळा प्रबंध चाळून एकच प्रश्न विचारला. ग्लुकोज आल्यामुळं मूठ मिटते, की मूठ आपली आपण अधूनमधून मिटत-उघडत असते आणि ग्लुकोज फक्त मिटलेलीला धरून ठेवतं? प्रथिनं कधीच स्थिर नसतात, ती सतत थरथरत असतात. 1965 मध्ये मोनो, वायमन आणि शाँझो यांनी प्रथिनं एकाहून जास्त रूपांत आधीपासून असतात आणि जोडणारा रेणू त्यांतलं एक पक्कं करतो, असं मांडलं होतं. काही एन्झाइमं रिकामी असतानाही क्षणभर मिटतात, हे पुढच्या प्रयोगांत दिसलंय. मी म्हटलं, सर, माझ्या प्रयोगात मी थेंब टाकते, मिसळते, झाकण लावते आणि मग मोजते. तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. मला शेवटची जागा दिसते, वाट दिसत नाही. वाट बघायची तर एक-दोन मिलिसेकंदांत मिसळून तिथल्या तिथं उजेड मोजणारं यंत्र लागतं. ते म्हणाले, “ते यंत्र जिथं असेल तिथं जा मग.” सध्या मी त्याच अर्जांच्या मागं आहे.

निघायच्या दिवशी फ्रीझरमधली माझी जागा रिकामी केली. डायलिसिस केलेलं थोडं एन्झाइम उरलं होतं. त्याचे दोन वाटे केले आणि एकात ग्लुकोज घातलं, उन्हाळ्यात ते टिकावं म्हणून. मग दोन्ही नळ्यांवर आधी पट्टी चिकटवली आणि बारीक अक्षरात लिहिलं. एकीवर: हेक्झोकायनेज, यीस्ट, ग्लुकोज 100 मिलिमोलर आहे, मिटलेलं. दुसरीवर: हेक्झोकायनेज, यीस्ट, ग्लुकोज नाही, उघडं, आधी हे वापरा. खाली तारीख, आणि वर पारदर्शक टेप, ओलाव्यानं शाई जाऊ नये म्हणून.